हमीदचा आहेर

सिंगापूरला आमच्याकडची माणसं मुलाबाळांना भेटायला जातात. २०१६ च्या मे महिन्यात मीही लेकीकडेच गेले होते. पण विमानात बसताना माझ्या मनात लेक आणि नात जेवढ्या होत्या, तेवढाच एक जुना फोटोही होता. तो ज्यांच्या भिंतीवर होता, त्या गृहस्थांना मी तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

आधी माझ्याविषयी सांगते, नाहीतर भुसावळच्या बाईचा आणि अमेरिकेतल्या बेसबॉलचा संबंध काय, हे कळायचं नाही. मी निवृत्त होईपर्यंत भुसावळला एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते. आमच्या खानदेशातल्या मुली सॉफ्टबॉल फार छान खेळतात. बेसबॉलची ती धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान, बाकी जीव तोच. एकदा रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब बिऱ्हाड आवरून ऑस्ट्रेलियाला निघालं आणि त्यांचं उरलंसुरलं सामान रद्दीवाल्याकडे आलं. त्यात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक तपकिरी फोटो होता. मिशीवाला तरुण, हातात बॅट. रद्दीवाला म्हणाला, जुना क्रिकेटवाला आहे, न्या. मी बॅट पाहिली तर ती गोल होती. पोरगा मागच्या पायावर भार टाकून उभा होता. हा तर आमच्यातला, असं मनात आलं. खाली अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या स्टुडिओचं नाव छापलेलं होतं. तो भुसावळपर्यंत कसा आला, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिथून नाद लागला. खेळून पोट भरता येईल असं ज्यांनी पहिल्यांदा धरून चालायचं धाडस केलं, त्या एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉल खेळाडूंचे फोटो. नामांकित खेळाडूंचे माझ्या आवाक्यात नव्हतेच. मी जमवले ते अनोळखी. गिरणीच्या गावचे, नदीकाठच्या गावचे, ज्यांचं नाव कुणी मागे लिहून ठेवलं नाही असे. माझे मिस्टर म्हणायचे, आपल्या घरात आपल्या नातेवाइकांपेक्षा ह्यांचेच फोटो जास्त आहेत.

पुढे इंटरनेट आलं आणि हा नाद असलेली माणसं जगभर आहेत असं कळलं. त्यांच्या एका गटात सिंगापूरचे मिस्टर कोह भेटले. बंदराच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, तरुणपणी बंदराच्या सॉफ्टबॉल संघाचे कॅचर. पिचरने टाकलेला चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो, तो कॅचर. त्या गटात मैदानावर धूळ खाल्लेली आम्ही दोघंच होतो, त्यामुळे मैत्री लवकर जमली. ते मला 'कोच' म्हणत. त्यांच्या प्रत्येक दोन-तीन पत्रांनंतर एका फोटोचा विषय निघायचा. नऊ खेळाडूंचा एक संघ, त्यांच्या हॉलच्या भिंतीवर, त्यांच्या लग्नात हमीद नावाच्या मित्राने आहेर म्हणून दिलेला. हमीद त्यांच्याच संघाचा पिचर. जहाजावर नोकरीला होता, अमेरिकेच्या एका बंदरातून त्याने तो आणला होता. कोहनी मोबाइलवर काढून पाठवलेल्या चित्रात काचेवर ट्यूबलाइटच जास्त दिसायची.

मग त्यांची पत्रं लहान आणि अक्षरं मोठी होत गेली. डोळे जात चालले होते. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की ते मुलीकडे राहायला जाणार आहेत, तिच्या घरी भिंती कमी आहेत, आणि ते नऊ जण त्यांना माझ्या हाती द्यायचे आहेत. या आणि घेऊन जा.

वुडलँड्स

माझी लेक सुजाता आणि जावई प्रशांत वुडलँड्सला राहतात. सिंगापूरच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे भाडी जरा सोसवतात. त्यांच्या बाराव्या मजल्याच्या खिडकीतून समुद्राची चिंचोळी पट्टी आणि तिच्या पलीकडे मलेशिया दिसतो. सकाळी मलेशियातून कामाला येणाऱ्या मोटारसायकलींची रांगच रांग पुलावरून येते. मी चहा घेऊन तिथेच उभी राहायचे. खालच्या ब्लॉकमधली म्हातारी माणसं हळूहळू हात हलवत व्यायाम करायची. माझ्यातली पी.टी. टीचर वरून त्यांच्या रांगा मोजायची आणि त्या सरळ आहेत म्हणून खूश व्हायची.

मी बॅगेतून बिबड्या, केळ्याचे वेफर्स आणि भरताची वांगी काढली. ज्वारीच्या त्या खरपूस पापडांचा वास आला तशी सुजाताने तिथेच एक मोडून तोंडात टाकला. वांगी बघून प्रशांतने कपाळाला हात लावला. कस्टमवाल्यांनी पकडलं असतं तर, म्हणाला. मला हा नियम ठाऊकच नव्हता. मग आम्ही घाईघाईने सगळ्या वांग्यांचं भरीत करून टाकलं. इलेक्ट्रिक शेगडीवर वांगी भाजता भाजता धुराचा भोंगा वाजला आणि शेजारच्या चिनी काकू धावत आल्या. त्याही एक वाटी घेऊन गेल्या.

माझी नात अन्वी तिथल्याच शाळेत जाते. तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत येतं. मी कुणाचे फोटो बघायला चालले आहे ते तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "पण आजी, बेसबॉल इज अमेरिकन, लाह." ते 'लाह' इथल्या बोलीचं शेपूट, आपल्या 'गं'सारखं कुठेही चिकटतं. मी तिला म्हटलं, बटाटाही अमेरिकेतूनच आलाय, तुझ्या पावभाजीतला. ते तिला पटलं नाही.

बुओना व्हिस्टा

कोह बुओना व्हिस्टाला राहत. एका बाजूला संशोधनाच्या काचेच्या इमारती, त्यात प्रशांतचं ऑफिस. आणि चार पावलं आत गेलं की जुने, ठेंगणे, रंग उडालेले सरकारी ब्लॉक. प्रशांतने मला स्टेशनबाहेर सोडलं आणि तो कामाला गेला. सगळे ब्लॉक दिसायला जुळे भाऊ. मी आत्मविश्वासाने भलत्याच ब्लॉकमध्ये चढले आणि भलत्याच दाराची बेल दाबली. एका आजींनी दार उघडलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. त्यांनी माझ्या हातातला पत्ता पाहिला, चपला पायात सरकवल्या आणि माझ्या पंजाबी ड्रेसची बाही धरून मला थेट कोहच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. पत्ता सांगण्यापेक्षा माणूसच पोचवून द्यायचा, ही आमच्या भुसावळची रीत मला तिथे सापडेल असं वाटलं नव्हतं.

कोह दारातच उभे होते. काटकुळे, बनियनवर घाईने शर्ट घातलेला, आणि हात मात्र अंगाच्या मानाने फार मोठे. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा त्यांची दोन वाकडी बोटं लागली. आयुष्यभर ज्याने चेंडू झेलले त्याची बोटं अशीच असतात. ओळख पटायला आम्हाला दुसरं काही लागलं नाही.

घरभर खोकी होती. त्यांची मुलगी जोसेफिन रजा काढून आवराआवर करायला आली होती. तिने नाश्ता मांडला. भाजलेल्या पावात नारळ-अंड्याचा गोड जॅम आणि लोण्याची जाड वडी, काळी गोड कॉफी, आणि बशीत फोडलेली दोन अर्धीकच्ची अंडी, वर सोया सॉस नि मिरपूड. आमच्याकडे असं लिबलिबीत अंडं पाहुण्यापुढे ठेवलं तर सोयरीक मोडेल. पण कोहनी ते पावाने कसं टिपायचं ते दाखवलं, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मग त्यांनी एकेक पाकीट माझ्यासमोर ठेवायला सुरुवात केली. त्यांना आता कडेकडेचंच तेवढं दिसायचं, मधोमध धुकं. म्हणून मी फोटो बघायचा आणि त्यांना सांगायचं, असं ठरलं. मी सांगत होते, ह्याचा शर्ट उसना आहे, खांद्यावर मावत नाही. ह्याने नुकतीच दाढी केली आहे, गालावर कापल्याचं दिसतंय. हा फोटोग्राफरला घाबरलाय. कोह डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच मान हलवून म्हणत होते, हो, हा तोच, वीस वर्षांपूर्वी आला माझ्याकडे. दुपारचं जेवणही आम्ही तसंच, फोटोंच्या मधोमध जागा करून जेवलो.

नऊ जण भिंतीवरच होते. शेवटी जोसेफिनने ती फ्रेम उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. पाच उभे, चौघे बसलेले, छातीवर एकच अक्षर, आणि पुढच्याने गुडघ्यावर ठेवलेला चेंडू. इतकी वर्षं ट्यूबलाइटच्या आड लपलेले चेहरे मी पहिल्यांदा पाहिले. आणि मग काचेच्या आत, डाव्या कोपऱ्यात, बुरशी दिसली. तिथल्या दमट हवेत बुरशी कशालाही सोडत नाही. आणखी वर्षभरात ती पहिल्या खेळाडूच्या तोंडावर आली असती. मी म्हटलं, फ्रेममधून काढून कोरडा करायला हवा. कोहनी फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवलं. फ्रेम लग्नापासून कधी उघडली नव्हती. मग म्हणाले, उघडा, कोच, आता तो तुमचाच आहे.

पाठीमागे तपकिरी कागद डिंकाने घट्ट बसवलेला होता. मी सुरीने तो सोडवला, फोटो बाहेर घेतला, आणि बुरशी किती आत गेली आहे ते बघायला पर्समधलं भिंग काढून लावलं.

भिंगाखाली ठिपके होते. बारीक, सारख्या अंतरावर, जाळीसारखे. वर्तमानपत्रातलं चित्र जवळून पाहिलं की दिसतात तसे. खऱ्या फोटोत काळ्यातून करडा, करड्यातून पांढरा असा रंग दुधावरच्या सायीसारखा सलग पसरतो, ठिपके नसतात. ह्या नादातला पहिला धडा तो. हा फोटो नव्हता. कुठल्यातरी पुस्तकातलं नाहीतर कॅलेंडरमधलं छापील चित्र होतं, नीट कापून पुठ्ठ्यावर डकवलेलं.

"कसे आहेत माझे नऊ जण?" कोहनी विचारलं.

मी भिंग खाली ठेवलं. ते बघू शकत नव्हते. चित्र माझ्याकडेच यायचं होतं. ठीक आहेत म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कोह पुढे सांगू लागले होते. घरी गेल्यावर हा फोटो मी आपल्या गटात सगळ्यांना दाखवावा, आणि खाली लिहावं, हमीदने दिलेला. हमीदचं नाव कुठेच नाही, निदान इथे राहू दे. गटातल्या लोकांनी अर्ध्या दिवसात ते ठिपके ओळखले असते. मग हमीदचं नाव राहिलं असतं खरं, पण चेष्टेच्या धन्याचं म्हणून.

मी त्यांना सांगितलं. जेवढं हळू सांगता आलं तेवढं हळू.

त्यांनी भिंग मागितलं. ते डोळ्याशी नेलं, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली, आणि खाली ठेवलं. मी घाईने म्हटलं की परक्या बंदरावर दुकानदार लोकांना फसवतात, हमीदलाही कुणीतरी फसवलं असणार. कोह म्हणाले, "हमीद फसणारा नव्हता. आम्ही बंदरावरचे सगळे खरेदीला जाताना त्याला सोबत न्यायचो."

मी निघाले तेव्हा जोसेफिन लिफ्टपर्यंत आली. आवाज न चढवता, अगदी अदबीने ती म्हणाली, "आंटी, तुम्ही सांगायला नको होतं."

वेसाक

सुजाताचंही तेच म्हणणं पडलं. तिच्या मते त्या माणसाकडे डोळे नाहीत, बायको नाही, राहतं घरही सुटतंय. त्याच्याकडची एक आठवण तेवढी मी खराब करून आले. प्रशांत माझ्या बाजूने बोलायला गेला, पण त्याचं बोलणं इंजिनियरचं होतं, खरं ते खरं असलं. त्याने मला काही बरं वाटलं नाही. पुढचे दिवस मी त्यांच्याबरोबर हिंडले. बागा पाहिल्या, पक्षी पाहिले, अन्वीबरोबर पाण्याच्या कारंज्यात भिजले. जिथे जाईन तिथे कोहची ती तिरकी मान डोळ्यांसमोर यायची.

तेवढ्यात बुद्धपौर्णिमा आली. तिला तिकडे वेसाक म्हणतात आणि सगळ्या देशाला सुट्टी असते. आमच्या भुसावळात आम्ही पांढरी वस्त्रं नेसून विहारात वंदना घेतो, खीर वाटतो, संध्याकाळी मिरवणूक. इथे एका मोठ्या चिनी मंदिरात गेलो, तर तिथे रांग होती बाळ सिद्धार्थाला अंघोळ घालायची. फुलांच्या पाकळ्या टाकलेल्या पाण्याचं घंगाळ, मधोमध बोट वर केलेली छोटीशी मूर्ती, आणि प्रत्येकाने लाकडी पळीने तिच्या खांद्यांवर पाणी ओतायचं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बायकांचा हात जसा आपोआप हळू होतो, तसे सगळ्यांचे हात हळू होत होते, सुटाबुटातल्या पुरुषांचेही. अन्वीने पाणी घातलं आणि विचारलं, इट्स कोल्ड, नो? मी तिला म्हटलं, आज उकडतंय, त्याला बरं वाटेल.

मंडपाच्या कडेला उभी राहून मी मनातल्या मनात पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून म्हणत आले, कधी अडखळले नाही. त्या दिवशी अडखळले. खोटं बोलू नये हे त्यात आहे. खरं बोलून झाल्यावर समोरच्या माणसाचं काय करायचं, ते त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी जोसेफिनचा फोन आला. तिचे वडील खोक्यांना हात लावत नव्हते, जेवणही नावाला. हमीद जाऊन काही वर्षं झाली होती. त्याची बायको झैनब पाया लेबारजवळ, गेलांग सराईला राहत होती, आणि वडिलांना तिला भेटून विचारायचं होतं. हमीद गेल्यापासून ते तिच्या दारात गेले नव्हते. जोसेफिनला हे सगळं पसंत नव्हतं. पण ते म्हणत होते, जाईन तर कोचबरोबर.

पाया लेबार

सुजाताचं ऑफिस पाया लेबारलाच आहे. तिने आम्हाला स्टेशनवर गाठलं आणि गर्दीतून बाजारापर्यंत पोचवलं. कोहना तिने न सांगता हाताचा आधार दिला, आणि जाताना मला म्हणाली, आई, जपून. एवढंच. पण तिचा राग गेला होता.

ऑफिसं आणि मॉल मागे टाकले की गेलांग सराई लागतं. मलय लोकांचा जुना बाजार. चमेलीचे गजरे, सुकी मासळी, ताज्या किसलेल्या खोबऱ्याचा वास. क्षणभर कोकणातच आल्यासारखं वाटलं. कोहनी केळीच्या पानात गुंडाळलेली तांदळाची वाफवलेली मिठाई घेतली. मोकळ्या हाताने जायचं नसतं, म्हणाले. रस्ताभर ते हमीदविषयी बोलत होते. कॅचर बोटांनी खूण करतो आणि पिचरने कसा चेंडू टाकायचा ते सुचवतो. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो. हमीदने त्यांच्या खुणेला कधीही मान हलवली नव्हती. मलय घरातला आणि चिनी घरातला मुलगा. शहरात एकदा मोठी दंगल पेटली तेव्हा हमीदच्या आईने कोहना दोन दिवस आपल्या घरात, मागच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. एवढं सगळं सांगून ते म्हणाले, "मला एवढंच कळायला हवं की तो माझ्यावर हसला तर नाही ना."

झैनब सत्तरीच्या पुढच्या. डोक्यावर फिकट निळा रुमाल, अंगावर सैल, फुलाफुलांचा झगा. त्यांनी कोहना पाहिलं आणि आधी रागावल्या. इतकी वर्षं का आला नाहीस, असं काहीतरी असावं. ते दोघं मलयमध्ये बोलत होते, मला शब्द कळत नव्हते. मग चहा आला, मिठाईची पानं उघडली गेली, आणि कोहनी विचारलं. विचारताना त्यांनी हमीदचं नाव घेतलं आणि हवेत चौकोन काढला, फ्रेमचा.

झैनब उत्तर देण्याआधी बराच वेळ पानाची घडी घालत राहिल्या. मग बोलायला लागल्या, आणि थांबल्याच नाहीत. मी कोहच्या चेहऱ्याकडे बघत बसले. एकदा त्यांच्या कपाळाला आठी पडली, एकदा ओठ हलले. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जमिनीकडे पाहत राहिले. झैनब गप्प झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत सगळं सांगू लागले.

त्या सफरीत हमीदला घरून आईच्या आजारपणाची बातमी गेली होती. त्याने सगळा पगार घरी धाडला. मित्राचं लग्न ठरलेलं, आणि आहेराला काही नाही. जहाजावरच्या जेवणाच्या खोलीत एक जुनं कॅलेंडर होतं. त्यातलं चित्र त्याने कापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं, जहाजावरच्या सुताराकडून चौकट करून घेतली, आणि मागून कागद डिंकाने बसवला, कुणी उघडू नये म्हणून. हा खरा जुना फोटो आहे असं तो कधी बोललाच नव्हता. लग्नात कोहनीच सगळ्यांना ओरडून सांगितलं, बघा, अमेरिकेहून माझ्यासाठी खरा फोटो आणलाय. आणि हमीदला तोंड उघडता आलं नाही. पुढे कोह तसले फोटो जमवायला लागले, घरी येणाऱ्या प्रत्येकाला भिंतीपाशी नेऊन दाखवायला लागले. दर वर्षी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं.

"तो आमच्या घरी आला की नेहमी एकाच खुर्चीत बसायचा," कोह म्हणाले. "भिंतीखालच्या. मला वाटायचं, पंख्याचा वारा लागतो म्हणून. झैनब म्हणते, ते चित्र समोर दिसू नये म्हणून तो तिथे बसायचा. आयुष्यभर त्याच्याकडे पाठ करून बसला."

झैनब उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. सरोंगच्या, म्हणजे तिथल्या लुंग्यांच्या, घड्यांमधून काढलेलं एक पाकीट घेऊन त्या आल्या आणि ते कोहच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. त्या म्हणाल्या, "त्याने नंतर खरा शोधला. पुष्कळ बंदरांवर. मिळाला तेव्हा द्यायची हिंमत झाली नाही. द्यायचा तर आधीचं सांगावं लागलं असतं."

पाकिटात जाड पुठ्ठ्यावरचा फोटो होता, तळहाताहून थोडा मोठा. मी खिडकीजवळ गेले आणि भिंग लावलं. मी चारही कोपरे पाहिले, चेहरा पाहिला, सावली पाहिली. कुठेही ठिपका नव्हता. रंग सलग होता, आणि कडेला जुन्या फोटोंना येते तशी चांदीची झिलई आली होती.

"खरा आहे," मी म्हटलं.

कोहनी मला शेजारी बसवलं आणि सांगायला लावलं. मी सांगितलं की एकच खेळाडू आहे. तरुण. हातात ग्लव्ह नाही, त्या काळी नसायचाच. दोन्ही हात छातीपुढे, ओंजळ उघडी. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर झाडं. चेंडू हवेत, हातांच्या अगदी जवळ, आता झेलणार.

"कॅचर आहे," कोह म्हणाले.

मी पुन्हा भिंग लावलं आणि मला हसू आलं. तेव्हाचे कॅमेरे सावकाश चालत. हवेतला चेंडू त्यांच्यात टिपला जात नसे. मग फोटोग्राफर चेंडू छताला दोऱ्याने टांगायचे आणि खेळाडूने न हलता झेलल्याचं सोंग करायचं. नंतर काचेच्या निगेटिव्हवर खरवडून दोरा पुसायचा. ह्या फोटोग्राफरला तो नीट पुसता आला नव्हता. चेंडूपासून वरपर्यंत केसाएवढी रेघ दिसत होती. मी कोहना ते सांगितलं.

"म्हणजे झेल खोटा?"

"झेल खोटा. फोटो खरा."

कोह हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते, मग मोठ्याने. त्यांनी मलयमध्ये झैनबना सांगितलं आणि त्याही हसायला लागल्या, रुमालाचं टोक डोळ्यांना लावत. मग कोहचं हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते मला कळलं नाही. झैनबनी त्यांना रडू दिलं. चहा गार झाला होता, तो काढून दुसरा आणला.

निघताना दारात कोह थांबले आणि झैनबना काहीतरी म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं. "मी म्हटलं, मी कॅचर होतो," ते म्हणाले. "त्याने कसाही टाकला असता तरी मी झेलला असता. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं."

भुसावळ

ते नऊ जण मला मिळाले नाहीत. कोहनी माझी माफी मागून सांगितलं की आता ते देता येणार नाहीत. मी म्हटलं, दिलेत तरी घेणार नाही. बाकीचे अनोळखी खेळाडू त्यांनी माझ्या हवाली केले; विमानात मी ते मांडीवरच ठेवले होते. विमानतळावर अन्वीने मला मिठी मारून पहिल्यांदाच मराठीत, मोडकं का होईना, सांगितलं की पुढच्या वेळी त्या आजोबांकडे तीही येणार.

परवा जोसेफिनची मेल आली, सोबत तिच्या घरातल्या एका भिंतीचं चित्र. डावीकडे नऊ जण, बुरशी काढून नव्या काचेत. उजवीकडे तो एकटा, ओंजळ पुढे करून उभा. दोन्हींच्या खाली तिने बारीक अक्षरांत हमीदचं नाव लिहिलंय. समोर दोन खुर्च्या, दोन्हींची तोंडं भिंतीकडे. रविवारी झैनब येतात, जोसेफिनने लिहिलंय. चहा घेतात, आणि वडिलांना फोटोंत काय काय दिसतंय ते सांगतात. दर वेळी थोडं वेगळं सांगतात. वडील हरकत घेत नाहीत.